चित्राखाली वाक्य आधी, नोंदणी नंतर

वाचकाचं पत्र: आम्ही चार मैत्रिणी सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात राहतो. ग्रामपंचायतीनं शाळेमागची एक खोली आम्हाला वापरायला दिली आहे. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी तीन ते सहा वर्षांची वीस-बावीस मुलं येतात. चित्रं, गाणी, गोष्टी असं काहीबाही घेतो. मुलं दहा मिनिटांत रंग फासून मोकळी होतात आणि मग नुसता गोंधळ. पालक म्हणतात, ‘रंग पुरे झाले, आता अक्षरं गिरवून घ्या.’ गावातली जाणती माणसं म्हणतात, ‘आधी संस्था नोंदवा, मग देणग्या मिळतील.’ हातात वीस हजार रुपये आहेत. ते कशावर खर्च करावेत आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर: ताई, तुमच्या खोलीत चित्रं, गोष्टी आणि (पालकांच्या मागणीमुळे आता) अक्षरं असे तीन वेगळे कप्पे पडलेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे कप्पे ठाऊक नसतात. रेघोट्या ओढताना ते सतत बोलत असतं, ‘हा बैल, हा पळाला, आता धूळ उडाली.’ हे बोलणं त्याच्या डोळ्यांदेखत कागदावर उतरलं की बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, हे त्याला कळतं. अक्षरओळखीआधी कळायला हवी ती हीच गोष्ट. म्हणून सर्वात आधी एवढा बदल करा: प्रत्येक सत्रात प्रत्येक मुलाच्या चित्राखाली, त्यानं सांगितलेलं एक वाक्य त्याच्यासमोर लिहा.

हे कसं करायचं ते नीट सांगतो, कारण यात छोट्या चुका फार होतात. कागद देण्याआधीच खालची दोन इंचांची पट्टी मागे दुमडून ठेवा. वाक्य तिथं येईल, मुलाच्या चित्रावर आपली रेघ पडणार नाही. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून त्याला अक्षरं उलटी दिसतात. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं की मुलाला काहीतरी नाव द्यावंच लागतं, मग ते ‘घर’ म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी ‘याची गोष्ट सांग की’ म्हणा. ते जसं बोलेल तसंच लिहा. ‘म्या बैल काढला’ म्हणालं तर ‘म्या’च लिहायचं. तुम्ही ‘मी’ लिहिलंत तर बोट फिरवत वाचताना त्याच्या तोंडचा शब्द आणि कागदावरचा शब्द जुळणार नाही, आणि सगळा उद्देश तिथंच फसेल. काळ्या स्केचपेननं, ठळक, दोन शब्दांत बोटभर जागा सोडून, प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत लिहा. मग बोट ठेवून एकदा वाचून दाखवा. मागे नाव आणि तारीख घाला.

एका मुलाला दोन-तीन मिनिटं लागतात. तुम्ही चौघी आहात, म्हणजे प्रत्येकीकडे पाच-सहा मुलं आणि साधारण पंधरा मिनिटांचं काम. सगळी मुलं एकदम चित्र संपवत नाहीत, त्यामुळे रांग लागत नाही. एखादं मूल काही सांगायलाच तयार नसेल तर फक्त नाव लिहा, आग्रह नको. वीसच्या वीस कागदांवर ‘हे माझे घर आहे’ असं आलं तर समजा की कुणीतरी मोठं माणूस वाक्य सुचवतंय.

आता दहा मिनिटांत रंग संपण्याबद्दल. याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात: कागद लहान, रंग पातळ आणि बरेच, आणि फळ्यावर काढून दिलेला डोंगर-सूर्य-झोपडीचा नमुना. नमुना उतरवून झाला की मुलासाठी काम संपतं. चार आठवडे एकच साधन ठेवून पाहा. उरलेले कागद छापखान्यातून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून मिळतात, पण निदान अर्ध्या वेळा मोठा कागद द्या. खाकी कागदाचा रोल भिंतीला मुलाच्या छातीच्या उंचीवर लावला की चार-पाच मुलं उभ्यानं रंगवू शकतात. उभ्यानं रंगवताना हात खांद्यापासून हलतो, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला तेच सोपं जातं. मेणाचे खडू जाड घ्या आणि मुद्दाम मोडून बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. लांब खडू मूल मुठीत धरतं. तुकडा आपोआप अंगठा आणि दोन बोटांत येतो. पुढे पेन्सिल धरायची तयारी याहून चांगली गिरवणीच्या वहीत होत नाही.

रंग दोनच ठेवा, निळा आणि पिवळा. मधे एक रिकामी वाटी ठेवा आणि काही सांगू नका. हिरवा सापडला की मुलं अर्धा तास जागची हलत नाहीत. पुढच्या आठवड्यात लाल-पिवळा, मग लाल-पांढरा. बारा रंगांची पेटी एकदम पुढं ठेवली तर तिचा शेवट करडा चिखल होऊनच होतो.

हातानं रंगवायचा रंग घरी होतो. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. दीड वाटी पाणी उकळून त्यात हे मिश्रण ढवळत घाला, घट्ट आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा, पाव चमचा मीठ घाला, गार झालं की खाण्याचा रंग मिसळा. गुठळ्या होण्याचं कारण बहुधा पीठ थेट गरम पाण्यात टाकणं हेच असतं. उन्हाळ्यात हा रंग दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करा; फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. गेरू पाण्यात भिजवून, थोडा डिंक घालून उत्तम तांबडा रंग मिळतो. डिंक कमी पडला तर वाळल्यावर भुकटी होऊन हाताला लागतो. हळदीच्या पाण्यानं रंगवून वाळवलेल्या कागदावर अंगाच्या साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी फिरवली की तांबडी रेघ उमटते, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि हळद त्याला रंग बदलून उत्तर देते. मोठ्या मुलांसाठी हा एक पूर्ण दिवस आहे.

शेंदूर अजिबात वापरू नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, आणि या वयात बोटं तोंडात जातात. रांगोळीची पूडही नको, तिची बारीक धूळ श्वासात जाते. चिकटवायला मैद्याची खळ करा, एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी. पुस्तक बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, बांधणीवाल्याकडून तयार खळ आणत असाल तर हे विचारून घ्या. घरची खळ दोन दिवसांत संपवा.

ब्रश महाग पडतात आणि मुलं ते दाबून केस फाकवतात. वारली चित्रकार बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात आणि गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं काढतात. तुम्ही काडी दगडानं ठेचून तसं टोक करा. शिवाय १२ नंबरचे चपटे, राठ केसांचे सहा ब्रश पुरेत.

माती मात्र आठवड्यातून एकदा हवीच, आणि तिच्यावर कंजुषी करू नका. शाडू सहज मिळते, पण ती वाळताना लवकर तडकते. गावच्या कुंभाराकडची भिजवून मळलेली माती घ्या. वीस मुलांना प्रत्येकी एक पेरूएवढा गोळा, म्हणजे पाच-सहा किलो. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लॅस्टिक बांधून ठेवली की महिनाभर टिकते. वस्तू उन्हात वाळवू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि तडा जातो. माती मिळाली नाही तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी आणि चमचाभर तेल असा गोळा चालतो. पावसाळ्यात तो पाझरतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर हा प्रकार सोडून द्या. त्यात मीठ फार असतं, खाल्ला जात नाही ना यावर एकीनं लक्ष ठेवायचं.

महागड्या शैक्षणिक साधनांचा मोह पडेल. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे त्यांच्यासोबत अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत जे बालशिक्षण उभं केलं, ते बिया, पानं, शिंपले, माती आणि काड्यांवर. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. तुमच्याकडे गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. ती मुलं तुमच्या खोलीपर्यंत येतील अशी वाट पाहू नका. महिन्यातून दोन सत्रं एक सतरंजी, एक पिशवी पुस्तकं आणि मातीचा डबा घेऊन तिकडेच घ्या.

पुस्तकांकडे वळू. तुमच्या वीस हजारांतले नऊ हजार इथं घाला. प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य यांच्याकडे लहान मुलांची बरीच चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात, म्हणजे शंभराच्या आसपास पुस्तकं होतील. शंभर वेगवेगळी घेऊ नका. साठ वेगळी, आणि त्यातल्या मुलांना आवडलेल्या दहांच्या चार-चार जादा प्रती नंतर घ्या, कारण वाचून दाखवलेलं पुस्तकच मुलांना घरी न्यायचं असतं. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीव्हीवर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथल्या मराठी गोष्टी उतरवून छापायला मोफत परवानगी आहे. छापलेल्या प्रती पिनेनं न टाचता मधोमध दोऱ्यानं शिवा, पावसाळ्यात पिना गंजून पानं सुटतात. फाटलेलं पान पारदर्शक चिकटपट्टीनं जोडू नका, ती वर्षभरात पिवळी पडून निघते. पातळ कागद आणि खळ वापरा.

कपाटात कणा दिसेल अशी पुस्तकं लावलीत तर वाचता न येणाऱ्या मुलासाठी ती बंदच. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी मुखपृष्ठ पुढं करून पुस्तकं टांगा. एका वेळी वीसच, दर पंधरा दिवसांनी बदला. घरी न्यायला जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवून द्या. दंड ठेवू नका. वर्षाला दहा पुस्तकं हरवणार किंवा फाटणार हे धरूनच चाला. दंडाच्या भीतीनं घरात पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं जातं आणि मुलाच्या हाती पडत नाही.

वाचून दाखवताना बावीस मुलांचा एक घोळका करू नका, मागच्यांना चित्र दिसत नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोन गट, दोन कोपरे, दहा-अकरा मुलं. बुटक्या स्टुलावर बसा, पुस्तक छातीशी न धरता बाजूला, चित्र मुलांकडे. एकच पुस्तक लागोपाठ तीन सत्रं वाचा. पहिल्यांदा मुलं ऐकतात, दुसऱ्यांदा पुढचं सांगतात, तिसऱ्यांदा तुमच्याबरोबर म्हणतात, आणि ही तिसरी वेळच सर्वात मोलाची. ‘पुढं काय होईल?’ विचारा; शेवटी तात्पर्य विचारू नका. ज्या मुलांच्या घरी गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली), वडारी किंवा हिंदी बोलतात, त्यांच्या आईला एक अंगाईगीत किंवा बडबडगीत म्हणायला बोलवा आणि ते मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा.

दीड तासाचा क्रम साधारण असा बसतो. अंगणवाडी सकाळी असते, म्हणून पावणेपाच ते सव्वासहा ठीक. आल्या आल्या दहा मिनिटं पुस्तकं मोकळी, मग दहा मिनिटं गाणी आणि हालचाल, पंधरा मिनिटं वाचन, चाळीस मिनिटं चित्र किंवा माती (वाक्यं लिहिणं यातच), शेवटची पंधरा मिनिटं हात धुणं आणि पुस्तक निवडणं. हात धुण्याला पाच मिनिटं पुरतील असं वाटतं, पुरत नाहीत. दोन बादल्या ठेवा, एक रंग काढायला आणि एक स्वच्छ, आणि वडिलांचे जुने शर्ट उलटे घालून बटणं पाठीमागे.

पालकांची अक्षरांची मागणी चुकीची म्हणून उडवून लावू नका. त्यांना मुलाची काळजी आहे. पण तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांच्या छोट्या स्नायूंना दुरेघी वहीत ‘अ’ बसवणं जमत नाही, आणि जमलं तरी ती त्याच्यासाठी एक नक्षी असते. अक्षराशी पहिली ओळख मुलाच्या नावातून करून द्या. तीन इंच बाय आठ इंचांच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहा, सतरंजीवर पसरा, आल्यावर ज्यानं त्यानं आपलं उचलून सुतळीला लावायचं, हीच हजेरी. तीन वर्षांच्या मुलांसाठी पट्टीवर एक चित्रही ठेवा, महिन्याभरानं ते काढून टाका. दोन महिन्यांत ‘समीरचा स आणि सायलीचा स सारखाच’ असं मुलंच सांगू लागतात. जोडीला कानाचे खेळ घ्या. ‘के-ळी’ला दोन टाळ्या, ‘का-क-डी’ला तीन, ‘क’नं सुरू होणाऱ्या वस्तू खोलीत शोधा. मराठी लिपी अक्षरा-अक्षरानं चालते, म्हणून शब्दाचे असे तुकडे ऐकू येणं वाचनाला थेट उपयोगी पडतं.

साडेपाच-सहाच्या मुलांना खरंच वाचायचं असेल तर क ते ज्ञ पाठ करून घेऊ नका. चार-पाच अक्षरं आणि एक काना असा छोटा गट घ्या, उदाहरणार्थ म, क, ल, ब आणि काना. त्यातून ‘काका’, ‘मामा’, ‘माळ’ नव्हे पण ‘माल’, ‘बाक’, ‘कमल’ हे शब्द लगेच वाचता येतात. गट करून शिकवायची ही दिशा फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वर्षानुवर्षं वापरली. फलटण तुमच्याच जिल्ह्यात आहे, एकदा जाऊन या.

पालकांना भाषण देऊन पटणार नाही, कागद दाखवून पटेल. प्रत्येक मुलाचे जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे तीन कागद एकाखाली एक लावा. जूनमध्ये गोल रेघोट्या आणि ‘भोवरा’ एवढा एक शब्द. डिसेंबरमध्ये डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस आणि आठ शब्दांचं वाक्य. (डोक्याला पाय हा या वयातला अगदी योग्य टप्पा आहे, तो ‘दुरुस्त’ करू नका.) वाक्य मुलालाच वाचून दाखवू द्या. आठवणीतून म्हटलं तरी चालेल.

नोंदणीची घाई कशाला नको, तेही सांगतो. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. तुम्ही चौघी आहात. नाव पुरतं करण्यासाठी नातेवाईक घातले की दोन वर्षांनी सह्यांना कुणी सापडत नाही. महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. मग दरवर्षी हिशेबतपासणी, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. बहुतेक छोट्या संस्था अडकतात त्या या बदल अर्जावर. तो राहिला की कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँक व्यवहार अडतात. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी प्रमाणपत्रं तर त्याच्याही पुढची पायरी.

त्याऐवजी पहिलं वर्ष एखाद्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाच्या छत्राखाली काढा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची अशी वाचनालयं गावोगाव आहेत, अनेकांचा बालविभाग नावापुरता उरलाय, आणि त्यांची नोंदणी, खातं, पावतीपुस्तक तयार असतं. तुमचं काम त्यांचा बालविभाग म्हणून चालवा, देणगी त्यांच्या पावतीवर घ्या, खर्चाची स्वतंत्र वही ठेवा. नोंदणी नसताना स्वतः जाहीर वर्गणी गोळा करू नका. गणेशोत्सव मंडळं धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घेतात ती याचसाठी. परदेशातल्या नातेवाइकानं पैसे देऊ केले तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यानं पाठवले तर ती कायद्यानं विदेशी देणगी ठरते आणि वेगळ्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

वीस हजारांतले नऊ पुस्तकांना दिलेत. सतरंज्या, सुतळी, चिमटे, बादल्या, प्रथमोपचार पेटी यांना साडेतीन, सहा महिन्यांच्या कागद-रंग-मातीला साडेतीन. चार हजार हात न लावता ठेवा.

दोन गोष्टी पहिल्या आठवड्यातच करा. खोलीत कधीही एकटं मोठं माणूस आणि मुलं असं होऊ देऊ नका, नेहमी दोघीजणी. मुलाला कोण न्यायला येणार ते पालकांकडून लिहून घ्या, आणि फोटो त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक दारामागे लिहून ठेवा. दुसरी गोष्ट खोलीची. सरपंचांचा तोंडी होकार पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव करून घ्या, त्यात दिवस, वेळ, वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कुणाकडे राहणार हे येऊ द्या, आणि ठरावाची शिक्का मारलेली नक्कल फाइलला लावा.